अर्ध्या चांदीची चकती

मंगळवारी सकाळी साडेदहाला अराबा क्वान्साच्या पेल्यातलं पाणी लाल झालं.

तसा रंग मोठा देखणा होता. पण ते पाणी पिकल्या पपईसारखं नारिंगी व्हायला हवं होतं, आणि गुरुवारी परीक्षकांसमोर ते नारिंगी झालं नाही तर अराबाची तीन वर्षं वाया जाणार होती. तीन वर्षं गेली तरी माणूस पुन्हा उभं राहतं. पण त्यांच्याबरोबर तिचं नावही जाणार होतं, आणि घानातल्या केप कोस्टसारख्या गावात गेलेलं नाव परत मिळत नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. पेल्याच्या तळाशी नखाएवढी धातूची चकती ठेवायची, तिच्यावर दोन बोटं शुद्ध पाणी घालायचं आणि वरून भिंगातून लेझरचे ठोके द्यायचे, सेकंदाला दहा. प्रत्येक ठोक्याला चकतीच्या अंगावरून धातूची वाफ उडते, पाण्यात लगेच विझते आणि तिचे कण होतात. केसाच्या जाडीचे पाच-सहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एकेक कण. कण कुणाच्या बापाला दिसत नाहीत, दिसतो तो पाण्याला आलेला रंग. नुसत्या सोन्याचे कण असले तर पाणी लाल, नुसत्या चांदीचे असले तर पिवळं, आणि एकाच कणात सोनं नि चांदी नीट मुरलेली असली तर मधलं नारिंगी. चांदी जितकी जास्त तितका रंग पिवळ्याकडे सरकतो. हे सरकणं अराबानं तीन वर्षं मोजलं होतं आणि तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं होतं.

आज पेल्यात होती अर्धं सोनं आणि अर्धी चांदी घालून केलेली नवी कोरी चकती. आणि पाणी मात्र असं लाल, की चांदी गावातच नव्हती म्हणावं.

"सोबोलो झालाय बघ," फिफीदादा मागून म्हणाला. सोबोलो म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत. हा लॅबचा तंत्रज्ञ, पन्नाशीचा माणूस. पेला गोल फिरवणारी तबकडी त्यानंच एका मेलेल्या मायक्रोवेव्हच्या मोटरीपासून केली होती, आणि त्यामुळे लॅबमधल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तो समजे. "बर्फ टाक, आलं किस, आणि बस स्टँडवर जाऊन वीक. प्रबंधापेक्षा बरं चालेल."

"दादा, आज नको," अराबा म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरा पेला धुवायला घेतला. तो वाचाळ होता, पण दुष्ट नव्हता.

दुसऱ्या पेल्यातही लालच. तिसऱ्यातही. मोजणीच्या यंत्रावर तिन्ही पाण्यांचे आलेख काढले तर प्रत्येकात एकच उंचवटा, आणि तो सोन्याच्या जागी, पाचशे वीस नॅनोमीटरवर. तिसऱ्याचा जरासा सरकून पाचशे चौदावर आला होता. यंत्र म्हातारं होतं, चार-सहा घरं इकडेतिकडे करायची त्याला सवय होती. उंचवटा यायला हवा होता चारशे साठच्या आसपास. अराबानं तिन्ही आकडे शाईनं वहीत लिहिले.

हे सगळं उपटलं होतं एका पत्रातून. कुमासीच्या प्रोफेसर ओडुरो अराबाच्या बाहेरच्या परीक्षक. कुमासीची माणसं सोन्याला आपलं सोयरं समजतात, आणि किनाऱ्यावरच्या फान्टे माणसानं सोन्याविषयी काही सांगितलं की आधी भुवई उचलतात. ओडुरोबाईंनी प्रबंध वाचून लिहिलं होतं, 'चौथ्या प्रकरणातले ठिपके फारच शहाण्यासारखे एका रेषेत बसले आहेत. नवी चकती, नवं पाणी घेऊन एकदा माझ्यासमोर करून दाखवावं. गुरुवारी येते.' एवढंच. पण त्या 'शहाण्यासारखे' शब्दात काय भरलं आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

जुन्या चकत्या परदेशातून आल्या होत्या आणि लेझरनं ठोकून ठोकून त्यांची चाळण झाली होती. नव्या मागवायच्या तर तीन महिने. तेव्हा अराबानंच तोड काढली होती. तिचा मामा सोनार. लॅबमधली शुद्ध सोन्याची तार आणि शुद्ध चांदीची तार तिनं मापून त्याला दिली, त्यानं वितळवून, ठोकून चकती केली, आणि लाल कापडात गुंडाळून उजव्या हातानं तिच्या हातात ठेवली. चकती अशी झळझळत होती की फिफीदादानं ती बोटात अंगठीसारखी धरून आरशात पाहून घेतलं होतं.

दुपारी डॉक्टर ओटू आले. हे तिचे मार्गदर्शक. सडपातळ, हळू बोलणारे, कधी कुणावर न ओरडणारे. आरडाओरडा करणारे मास्तर परवडले, असं अराबाला त्या दिवशी वाटलं. त्यांनी तीन लाल बाटल्या पाहिल्या, आलेख पाहिले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"अराबा, ते जुने आकडे तू घेतलेस तेव्हा खोलीत आणखी कोण असायचं?"

"कुणी नाही, सर. दिवसा वीज जायची, म्हणून मी पहाटे यायचे."

"एकटीच."

"एकटीच."

"हं," ते म्हणाले.

ओटूसरांनी तिला एका शब्दानं खोटी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

"आजचे आकडे वहीत लिहिलेस?" त्यांनी विचारलं.

"लिहिले."

"शाईनं?"

"शाईनं, सर."

"बरं." त्यांनी चष्मा परत चढवला. "मी ओडुरोबाईंना फोन करतो. चौथं प्रकरण आपण मागं घेतो म्हणून सांगतो. उरलेल्यावर पदवी मिळते का ते बघू."

"चौथं काढलं तर उरतं काय, सर? प्रस्तावना आणि आभार."

ते कसनुसं हसले. "मग काय करायचं म्हणतेस?"

"मला उद्याचा दिवस द्या."

त्यांनी दिला. पण दिला तो आजारी माणसाला आवडीचं खायला देतात तसा.

ते गेल्यावर अराबानं चकती पाण्यातून काढली, पुसली आणि तोलून पाहिली. दिलेल्या तारांच्या वजनापेक्षा दहा मिलिग्रॅम कमी. वितळवताना एवढं जायचंच. मग ती पाण्यात बुडवून तोलली, कारण सोनं चांदीपेक्षा जड, लबाडी असेल तर तिथं उघडी पडते. लबाडी नव्हती. चकतीत अर्धं सोनं, अर्धी चांदी, जशी हवी तशी होती.

"मामानं काही घोळ केला असेल," फिफीदादा म्हणाला.

"कसला घोळ? पाणी सांगतंय की सोनं जास्त आहे."

"हां, तेही खरंच." त्यानं डोकं खाजवलं. "सोनं खाणारे सोनार आजवर पुष्कळ ऐकले. पदरचं सोनं घालणारा पहिलाच म्हणायचा. त्याला देवळातच बसवायला पाहिजे."

अराबाला हसू आलं नाही. चकती बरोबर होती. पाणी शुद्ध होतं. लेझर तोच होता. मग चूक उरली होती एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे ती स्वतः. तिनं तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि एकेक पान पाहत बसली. अमुक तारीख, पहाटे पाच, रंग नारिंगी. आपण खरंच नारिंगी पाहिलं होतं ना? की नारिंगी दिसावं म्हणून पाहिलं होतं? यंत्र चार-सहा घरं इकडेतिकडे करतं, हे माहीत असताना आपण तेवढे आकडे आपल्या रेषेकडे तर ढकलले नाहीत? ढकलले नव्हते. पण नव्हते हे आता तिला छातीठोकपणे म्हणता येईना, आणि दुसऱ्या कुणी संशय घेण्यापेक्षा हे फार वाईट होतं. त्या संध्याकाळी घरी आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा समोर होता, तो तिनं नुसता चिवडला.

बुधवारी सकाळी ती कोटोकुराबा बाजारामागच्या मामाच्या दुकानी निघाली. निघाली खरी, पण पाय उचलत नव्हते. क्वामेना एसिल्फी हा काही साधा माणूस नव्हता. त्याच्या आजोबानं तालुक्याच्या राजाचे दागिने घडवले होते, आणि ते तो ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगत असे. दुकानावर पाटी होती, 'एसिल्फी आणि भाचे'. फान्टे लोकांत धंदा मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातो. बहिणीला झाली एकच मुलगी, ही अराबा, आणि ती शिकून उजेड पाडायच्या यंत्रामागे लागली. तरी मामानं पाटी पुसली नाही, आणि तिच्या शाळेची फी पण कधी चुकवली नाही. गेल्या आठवड्यात त्यानं साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, की एसिल्फींचा माल आता विद्यापीठात चालतो. अशा माणसाला जाऊन 'तुमच्या चकतीत खोट आहे' म्हणायचं म्हणजे सिंहाच्या मिशीला हात लावणं होतं.

"ये," मामा म्हणाला. "बस. पाणी घे."

तिनं पाणी घेतलं. पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, ही रीत. तो तिच्या आईची चौकशी करू लागला, मग रस्त्याची, मग ओटूसरांच्या गुडघ्याची. मग हात गुडघ्यांवर ठेवून रीतसर म्हणाला, "इथं सगळं ठीक आहे. तू काय काम काढून आलीस ते सांग."

अराबाला रात्रभर घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "सहज आले," ती म्हणाली.

"बुधवारी, कामाच्या वेळेला, सुजलेले डोळे घेऊन, सहज." मामानं मान डोलावली. "बरं. मग सहज बस. मला एका नवरीची अंगठी द्यायची आहे, ती घेऊन जायला तिची आई येईल. ती बाई फार बोलते, त्याआधी संपवतो."

शेगडीवर झाकण लावलेलं मातीचं बुडकुलं तापत होतं. मामानं चिमट्यानं झाकण काढलं आणि आतल्या भाजलेल्या तांबूस लेपातून अंगठी उकरून काढली. ती काळपट, मळकी दिसत होती. त्यानं ती पाण्यात टाकली, चुर्र झालं, मग लिंबू कापून चोळायला लागला. चोळता चोळता मळ गेला आणि खालून पिवळाजर्द रंग वर आला.

अराबा बघत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "शुद्ध सोन्याची आहे का?"

"कुठली शुद्ध? नवरदेव मास्तर आहे. चांदीच जास्त." मामा हसला. "मघाशी बघितली असतीस तर फिकट, पांढरट, आजारी माणसाच्या तोंडासारखी होती. मीठ, तुरटी आणि विटेची भुकटी, या लेपात भाजायची. अंगावरची चांदी मीठ खाऊन टाकतं. सोनं तेवढं राहतं. वरून बघणाऱ्याला राणीची अंगठी."

अराबानं हातातला पेला खाली ठेवला.

"अंगावरची म्हणजे किती खोल, मामा?"

"खोल कसली? कातडीएवढी. कागदाहून पातळ. आत सगळं होतं तसंच."

"मामा," ती म्हणाली, "माझ्या चकतीला पण हे केलंत?"

मामानं अंगठी खाली ठेवली. त्याच्या तोंडावर असा भाव आला, की जणू तिनं त्याला 'तुम्ही आज आंघोळ केलीत का' असं विचारलं असावं. "नाही करणार? एकदा नाही, तीनदा केलं. प्रोफेसरांपुढे जाणारी वस्तू. फिकट अंगानं घराबाहेर पाठवीन? माझ्या आजोबानं कबरीतून उठून कानफटात मारली असती."

अराबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिसरा आकडा तिच्या डोळ्यांसमोर आला. पाचशे वीस, पाचशे वीस, आणि मग पाचशे चौदा. यंत्र चुकलं नव्हतं. लेझर कातडी खरवडत खरवडत आत निघाला होता आणि तिसऱ्या वेळी त्याला पहिली चांदी लागायला लागली होती. आधी तिचे खांदे हलले, मग हुंदका आला, आणि तो अर्ध्या वाटेत हसण्यात शिरला. मामा घाबरला.

"झालं काय? कुणी मेलं का?"

तिनं सगळं सांगितलं. लाल पाणी, ओडुरोबाईंचं पत्र, ओटूसरांचं 'हं', कालच्या वह्या. लेझर वरची कातडीच उडवतो, तो पोटात काय आहे ते बघत नाही, हेही सांगितलं. मामा ऐकत होता आणि त्याचा चेहरा आधी पडला, मग रागावला.

"म्हणजे मी तुझं वाटोळं केलं."

"नाही, मामा. मी सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतीस? 'मामा, न धुता द्या' म्हणून? मी दिली नसती." त्याचा डोळा बारीक झाला. "पण थांब. तू डॉक्टर व्हायला निघालीस. तार तू मापून दिलीस, अर्धी चांदी. आणि हातात आला पिवळाधमक तुकडा. अर्ध्या चांदीचा तुकडा कधी पिवळाधमक असतो का गं? माझ्या दुकानासमोरची मासेवाली पण हे सांगेल. तुला विचारावंसं वाटलं नाही?"

खरोखरच तिला वाटलं नव्हतं. जुन्या चकत्या तिच्या हाती आल्या तेव्हाच लेझरनं काळ्या पडलेल्या होत्या. ही झळझळ तिला मामाची कारागिरी वाटली होती, आणि तिच्या कौतुकात डोकं चाललं नव्हतं. शेवटी सोनारानंच कान टोचायला लागतात, ते असे.

"नाही वाटलं," ती म्हणाली. "माझी चूक."

"अर्धी तुझी, अर्धी माझी," मामा म्हणाला. "चकतीसारखीच. आण ती इकडे."

तिनं पदराच्या गाठीतून चकती काढली. मामानं कानस हातात घेतली, चकती कातडी झोळीवर धरली, आणि तसाच बसून राहिला.

"माझ्यानं होत नाही," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षांत वस्तूचं तेज मी कधी उतरवलं नाही. हात ऐकत नाही. तू कर."

त्यानं आपली बैठक तिला दिली. लहानपणी ती त्या बैठकीवर बसायची, तेव्हा मामा ओरडायचा. आज तो स्वतः उठला, दाराशी जाऊन उभा राहिला आणि रस्त्याकडे तोंड करून उगाच कुणालातरी भाव विचारू लागला. अराबानं कानस चालवली. पिवळी पूड झोळीत पडत गेली आणि खालून फिकट, पांढरट, हिरवट झाकेचा धातू वर आला. आजारी माणसाच्या तोंडासारखा. इतका सुंदर रंग तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"झालं?" मामानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"दोन्ही बाजू झाल्या."

"मला दाखवू नकोस. कापडात गुंडाळ. आणि साध्या कापडात, लाल नको."

ती पळतच लॅबला गेली, आणि फिफीदादा दारातच हात वर करून उभा होता. वीज गेली होती. जनित्राचं डिझेल संपलं होतं, ते आणायला गेलेला माणूस संपावरच्या पंपाशी अडकला होता. संध्याकाळ झाली तरी वीज आली नाही. तपासून पाहायचा दिवस तसाच गेला. तिनं चकती बारीक कागदानं घासली, स्पिरिटनं धुतली, शुद्ध पाण्यानं पाच वेळा धुतली आणि झाकून ठेवली. आता तिला कारण कळलं होतं. पण कळलं असं वाटणं आणि खरं असणं यांत किती अंतर असतं, ते तिनं मंगळवारी पाहिलंच होतं.

गुरुवारी नऊला वीज होती. दहाला ओडुरोबाई आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, हातात भली मोठी पिशवी. ओटूसर त्यांच्या मागे, तोंड उतरलेलं. अराबानं ठरवलं होतं तसं आधीच सांगून टाकलं.

"मॅडम, मंगळवारी हे तीनदा केलं आणि तीनदा चुकीचा रंग आला. का आला ते मला कळलं आहे असं वाटतं. चकतीची वरची कातडी काल काढली आहे. पण वीज नव्हती, त्यामुळे करून पाहिलेलं नाही."

ओटूसरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकाला असं कुणी सांगतं का?

"म्हणजे," ओडुरोबाई म्हणाल्या, "आत्ता काय होईल ते तुलाही ठाऊक नाही."

"नाही, मॅडम."

"छान. मलाही नाही." त्यांनी खुर्ची ओढली आणि चष्म्यावर लेझरचा चष्मा चढवला. "कर सुरू."

अराबानं चकती पेल्यात ठेवली, दोन बोटं पाणी घातलं, फिफीदादानं तबकडी सुरू केली. लेझर टकटक बोलू लागला. चकतीवरून धुराची बारीक रेघ उठली, पाण्यात वळली, विरली. पहिली दोन मिनिटं पाण्याला काहीच रंग नव्हता. तिसऱ्या मिनिटाला रंगाची चाहूल लागली, पण रंगीत चष्म्यातून तो कसला ते कळेना. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. फिफीदादासुद्धा बोलला नाही, ही त्या लॅबच्या इतिहासातली नोंद करण्यासारखी गोष्ट.

मग तिनं लेझर बंद केला. सगळ्यांनी चष्मे काढले.

पाणी नारिंगी होतं. पिकल्या पपईसारखं, स्वच्छ, तळापर्यंत नारिंगी. यंत्रावर एकच उंचवटा आला, चारशे एकसष्टवर.

अराबा स्टुलावर बसली. तीन दिवस छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचललं. तिनं नारिंगी पाहिलं होतं. तीन वर्षं, एकटीनं, पहाटे, खरंच नारिंगी पाहिलं होतं.

"त्या मंगळवारच्या बाटल्या कुठे आहेत?" ओडुरोबाईंनी विचारलं.

फिफीदादानं तिन्ही लाल बाटल्या आणून ठेवल्या. बाईंनी वही मागितली, मंगळवारचं पान उघडलं, तिन्ही आकड्यांवर बोट ठेवून वाचलं, आणि कारण विचारलं. अराबानं मामाचं मीठ, तुरटी, विटेची भुकटी सगळं सांगितलं. बाई गदगदा हसायला लागल्या.

"आमच्या कुमासीतही हेच करतात. किनाऱ्यावरची माणसं आमच्याकडूनच शिकली." त्यांनी डोळे पुसले आणि गंभीर झाल्या. "हे बघ मुली. तुझे ते शहाणे ठिपके वाचून मला वाटलं होतं, ही आकडे घरी बसून करते. आकडे घरी बसून करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती मंगळवारच्या बाटल्या मोरीत ओततात, वहीत ठेवत नाहीत, आणि मला दारात गाठून सांगत तर मुळीच नाहीत. या तीन लाल बाटल्या चौथ्या प्रकरणात घाल. सगळ्यांत आधी घाल. मग मी सही करते."

त्या ओटूसरांच्या खोलीत चहाला गेल्या. ओटूसर मागे रेंगाळले. चष्मा काढून पुसायला लागले.

"अराबा, मंगळवारी मी विचारलं, ते विचारायला नको होतं."

"विचारायलाच हवं होतं, सर," ती म्हणाली. "मी पण स्वतःला तेच विचारत होते. आता नाही विचारणार."

त्यांनी मान हलवली आणि चहाकडे गेले. आणि मग अराबाला एकदम भूक लागली, मंगळवारपासूनची सगळी भूक एकदम. तिनं फिफीदादाला केंकी आणायला पिटाळलं, मासा दोन माणसांचा आण म्हणून बजावलं, आणि मामाला फोन लावला.

"काय रंग आला?" मामानं नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं. असं त्यानं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"नारिंगी, मामा."

पलीकडे मोठा श्वास सुटला.

"तुमचं नाव प्रबंधात येणार आहे," ती म्हणाली. "मीठ, तुरटी, सगळं लिहायचंय. परीक्षकांनी सांगितलंय."

"लिही," मामा म्हणाला. मग तो खाकरला. "पण एक लिहायचं विसरू नकोस. वस्तू माझ्या दुकानातून निघाली तेव्हा ती झळझळत होती. खराब केली ती तू."

"लिहिते, मामा," अराबा म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत हसत राहिली.